एका रेमची किंमत

मे 2025मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिथल्या अणुनियामक आयोगाला एक तत्त्व पुन्हा तपासायला सांगितलं: किरणोत्साराची मात्रा वाजवी खर्चात जितकी कमी ठेवता येईल, तितकी ठेवायची. बातमी वाचली आणि जुना राग उसळून आला.

याच तत्त्वासाठी अमेरिकेत 1975 साली आकडा ठरला होता: माणसांची मिळून एक रेम (रेम हे मात्रेचं एकक) मात्रा वाचत असेल, तर हजार डॉलरपर्यंतचा खर्च रास्त. 1977मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने कामगारासाठी वर्षाला 50 मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आणि त्या मर्यादेच्या आतही मात्रा घटवण्याचा जमाखर्च मांडायला सांगितलं.

आमच्या वाट्याला आलं ते ऐंशीचं दशक. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रात्रपाळीला पाइपांचे वेल्डिंग जॉइंट तपासायचे. हँडल फिरवलं की इरिडियमचा किरणोत्सारी सोर्स केबलवरून ‘कॅमेरा’ म्हणवल्या जाणाऱ्या पेटीबाहेर सरकायचा आणि पाइपाच्या पलीकडच्या फिल्मवर जॉइंटचं चित्र उमटायचं. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते. म्हणजे हवी होती लांब केबल, किरणांचा झोत अरुंद करणारा टंगस्टनचा कॉलिमेटर आणि दोरी बांधून पहारा द्यायला आणखी एक माणूस. आमच्या ठेकेदाराच्या वहीत या तिन्ही गोष्टी खर्चाच्या रकान्यात होत्या. समोरचा, वाचलेल्या मात्रेचा रकाना कोराच. पोरांना सांगितलं जाई, ‘मात्रा मोजणारा बॅज ऑफिसात ठेवून जा.’ तपासणीत बॅज स्वच्छ निघे. एखाद्याची मात्रा वाढलीच, तर त्याच्या जागी नवा रोजंदार येई. माणशी आकडा नियमात बसायचा. एकूण मात्रा होती तेवढीच राहायची.

पुढच्या वर्षांतले बदल बहुतेक कागदावरचेच. 1990मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाची मर्यादा वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टवर आली. आपल्याकडे पाच वर्षांत 100 आणि कोणत्याही एका वर्षात 30 असा नियम झाला. 1995मध्ये अमेरिकेने हजाराचे दोन हजार डॉलर केले. 2011मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा 150वरून सरासरी 20वर आणायला सांगितलं. हृदयाच्या तपासण्या करणाऱ्या कॅथ लॅबमध्ये क्ष-किरणांजवळ काम करणाऱ्या डॉक्टर-तंत्रज्ञांसाठी ही घट मोलाची होती.

आता आपल्याकडेही अणुवीज खासगी कंपन्यांना खुली होते आहे. मात्रा घटवण्यावर न खर्चलेला पैसा त्याच वर्षी मालकाच्या ताळेबंदात दिसतो. कॅन्सर झालाच, तर वीस-तीस वर्षांनी कामगाराच्या घरात येतो. म्हणून हा हिशेब मालकाने एकट्याने मांडू नये. मांडताना कामगार समोर हवा, आणि ठेक्यावरच्या माणसाची मात्राही कंपनीच्याच खात्यावर चढली पाहिजे.