माझ्या गुडघ्यातले भोवरे

भाची सुट्टीत सांगलीहून जयपूरला माझ्याकडे आली ती खिशात भोवरा घेऊनच. लाकडी, लाल-हिरव्या पट्ट्यांचा, खाली लोखंडी आर. बॅग उघडायच्या आधी तिनं जाळी गुंडाळली आणि अंगणातल्या फरशीवर भोवरा सोडला. सुरुवातीला तो इतका ताठ होता, की फिरतोय का नुसता उभा आहे तेच कळेना. मग वेग जरा उतरला, भोवरा एका अंगाला कलला आणि त्याचं डोकं हवेत गोल गोल घेर काढायला लागलं.

"मावशी, हा पडत का नाही गं? एवढा वाकडा झालाय!"

प्रश्न फार छान होता. तरी उत्तर मी दोन दिवस राखून ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या गुडघ्याचा एमआरआय होता आणि तिच्या भोवऱ्याचं उत्तर कळलं की माझ्या गुडघ्याचंही कळणार होतं.

महिनाभरापूर्वी मी जिन्यावरून घसरले होते. डॉक्टर म्हणाले, "एक्स-रेत हाड दिसेल, पण हाडांमधली मऊ गादी कशी आहे ते बघायला एमआरआय करू." म्हणून निघालो. मे महिन्यातलं जयपूरचं ऊन, पारा ४४ अंशांवर. आत जायच्या आधी तिथल्या मॅडमनी माझं घड्याळ, मंगळसूत्र, केसांतल्या पिना, सगळं काढून ठेवायला लावलं. शेवटी माझ्या लाखेच्या बांगड्यांकडे बोट दाखवलं.

"पण लाख कुठे चुंबकाला चिकटते?" भाचीनं विचारलं. बरोबर आहे, लाख चिकटत नाही. पण बांगडीच्या आत धातूचं कडं असू शकतं, आणि या चुंबकापुढे 'असू शकतं' एवढंही पुरेसं असतं. होकायंत्राची सुई ज्या चुंबकत्वामुळे उत्तरेकडे वळते ते पृथ्वीचं चुंबकत्व. हे यंत्र त्याच्या ३०,००० पटींहून अधिक ताकदीचं होतं. मापात सांगायचं तर दीड टेस्ला. असं चुंबक खोलीच्या दारातून हातातली कात्री ओढून घेऊ शकतं. आणि ते रात्रंदिवस चालूच असतं, पेशंट असो वा नसो.

ते इतकं ताकदवान कसं? त्याच्या पोटात नायोबियम आणि टायटेनियम या धातूंच्या मिश्रणाची मैलोन्‌मैल तार गुंडाळलेली असते आणि ती द्रवरूप हेलियममध्ये बुडवून उणे २६९ अंशांपर्यंत गार केलेली असते. एवढ्या थंडीत त्या तारेला विजेचा अडथळाच उरत नाही. एकदा सोडलेली वीज आपली फिरतच राहते. विचार करा, मी ४४ अंशांच्या उन्हातून आले आणि हातभर अंतरावर अवकाशातल्या गोठवणाऱ्या काळोखासारखी थंडी होती. मला साधी थंड झुळूकही लागली नाही!

गुडघ्याभोवती प्लास्टिकची एक जाड डबी बसवली, कानांत बोळे घातले आणि मला यंत्राच्या बोगद्यात सरकवलं. मग सुरू झालं ठक ठक ठक, मध्येच घर्रर्र, पुन्हा ठक ठक. जयपुरात ठठेऱ्यांच्या गल्लीतून गेलात तर असाच आवाज येतो. ठठेरे म्हणजे आपले तांबट.

वीस मिनिटांनी बाहेर आले तर भाची दारातच.

"सुई टोचली?"

"नाही."

"फोटो काढला?"

"उजेड लागतच नाही त्याला."

"मग केलं काय तुला?"

"माझ्या गुडघ्यात भोवरे आहेत. ते कलते केले आणि त्यांचं गाणं ऐकलं."

तिनं माझ्या गुडघ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मी ठरवलं, उद्या सकाळी जंतरमंतर.

सकाळी, ऊन तापायच्या आधी, मी लंगडत लंगडत तिला सम्राट यंत्रापाशी घेऊन गेले. सवाई जयसिंह महाराजांनी १७२७ साली जयपूर वसवलं आणि मग ही वेधशाळा बांधली. सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीचं, चुना-दगडाचं सूर्यघड्याळ. मधली तिरकी भिंत एखाद्या आभाळात जाणाऱ्या जिन्यासारखी दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना कमानीसारखे वळलेले संगमरवरी चाप आहेत आणि त्यांवर रेघा कोरल्यात. आम्ही सावलीच्या कडेपाशी बोट धरलं. सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. मिनिटभरात चारेक बोटं! पृथ्वी फिरतेय हे पुस्तकात सगळेच वाचतात. इथे ती डोळ्यांसमोर सरकते. (तुमच्या मनगटावरचं घड्याळ मात्र त्या सावलीशी जुळणार नाही. आपलं घड्याळ साऱ्या भारताची एकच वेळ दाखवतं. सावली जयपूरची वेळ सांगते आणि मे महिन्यात ती वीसेक मिनिटं मागे असते.)

"आता त्या जिन्याचा वरचा कठडा बघ," मी म्हटलं. "तो बरोबर ध्रुवताऱ्याकडे रोखलाय. म्हणजेच पृथ्वीच्या आसाला समांतर. पृथ्वी हा भोवरा, आणि हा कठडा त्या भोवऱ्याच्या दांडीची दिशा दाखवतो."

"मग पृथ्वीचं डोकंही घेर काढतं?"

काढतं! इथे तुमच्यासाठी मी जरा थांबून सांगते. कललेल्या भोवऱ्याला जमीन खाली ओढत असते. भोवरा फिरत नसता तर आडवाच झाला असता. पण फिरणाऱ्या वस्तूला एका बाजूनं ढकललं की ती त्या बाजूला न जाता काटकोनात आडवी सरकते. क्षणोक्षणी ओढ खाली, सरकणं आडवं. म्हणून पडायच्या ऐवजी भोवऱ्याचं डोकं गोल फिरत राहतं. याला परांचन म्हणतात. आपण 'डुलणं' म्हणू.

पृथ्वीही पूर्ण गोल नाही. ती विषुववृत्तावर जरा फुगलेली आहे; तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरनं जास्त आहे. त्या फुगवट्याला सूर्य आणि चंद्र ओढतात आणि आपली कललेली पृथ्वी डुलते. एक घेर पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षं. पाचेक हजार वर्षांपूर्वी ध्रुवतारा वेगळाच होता. आणखी १२,००० वर्षांनी तो मान अभिजित नक्षत्राच्या तेजस्वी ताऱ्याच्या आसपास जाईल.

"मग हा जिना वाकडा करायला लागेल?"

नाही ना! जिना पृथ्वीला घट्ट बांधलेला आहे. पृथ्वी जिकडे डुलेल तिकडे तोही डुलेल. त्याच्या टोकासमोरचा तारा तेवढा बदलेल.

या डुलण्याची खूण आपल्या घरातही आहे. दिवस मोठा होऊ लागतो २२ डिसेंबरच्या सुमाराला. पण मकरसंक्रांत येते १४ जानेवारीच्या आसपास. जुन्या काळी या दोन गोष्टी एकत्र होत्या. पृथ्वीच्या भोवऱ्यानं घेर काढत काढत त्यांच्यात तीन आठवड्यांहून जास्त अंतर पाडलं. पंचांगवाले याला अयनचलन म्हणतात. संक्रांतीला जयपूरचं आभाळ पतंगांनी भरून जातं, तुम्ही तिळगूळ वाटता, तेव्हा एवढं आठवा.

आता गुडघ्याकडे येऊ.

तुमच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी आहे. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू, आणि हायड्रोजनच्या अणूच्या गाभ्यात एकच प्रोटॉन. या प्रोटॉनला जन्मतःच एक फिरकी असते. लाकडी भोवऱ्यासारखा तो गरगरत नाही, हे खरं सांगायला हवं. पण त्याच्या अंगी फिरकी आहे आणि तो स्वतः एक इवलंसं चुंबकही आहे. बाहेरचं चुंबक त्याला आपल्याकडे वळवू बघतं, तो फिरकीमुळे वळत नाही आणि डुलायला लागतो. भोवऱ्याला ओढते जमीन, पृथ्वीला सूर्य-चंद्र, प्रोटॉनला चुंबक. डुलणं तिघांचं एकच.

वेग मात्र ऐका. चुंबक जेवढं जोरकस, तेवढं डुलणं जलद. दीड टेस्लाच्या चुंबकात प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख वेळा डुलतो. पृथ्वी २६,००० वर्षांत एकदा, आणि हा पापणी लवेपर्यंत कोट्यवधी वेळा!

पण हे सारे प्रोटॉन चुंबकाचं ऐकतात असं समजू नका. शरीराच्या उबेनं ते धक्काबुक्की करत असतात. निम्मे चुंबकाच्या दिशेला, निम्मे उलटे. चुंबकाच्या दिशेचे थोडे जास्त भरतात. किती जास्त? दर दहा लाखांमागे फक्त पाच! एवढ्यावर सगळा खेळ. पण पाण्याच्या एका थेंबात प्रोटॉन इतके असतात, की तेवढ्या थेंबातही हे 'पाच जास्त'वाले मोजायला एकावर सोळा शून्यं मांडावी लागतात.

आता त्यांना कलतं कसं करायचं? नागपंचमीला तुम्ही झोके घेता, तसेच जयपूरच्या मुली श्रावणातल्या तीजेला घेतात. झोका उंच न्यायचा तर ताकद फार लागत नाही. तो मागे येईल नेमका त्या क्षणी, दर वेळी, हलका धक्का द्यायचा. अवेळी कितीही जोर लावा, काही होत नाही. या जुळून येण्याला अनुनाद म्हणतात आणि एमआरआय या नावातला 'आर' तो हाच. प्रोटॉन सेकंदाला ६ कोटी ३९ लाख वेळा डुलतात, तर धक्केही तितकेच हवेत. ते देतात रेडिओच्या लहरी. एफएम स्टेशनं ज्या लहरींवर चालतात, त्यांच्या जरा खालच्या. म्हणूनच त्या खोलीच्या भिंतींत तांब्याचा पत्रा असतो, नाहीतर बाहेरचे रेडिओ आत लुडबुड करतील.

धक्क्यांनी दोन गोष्टी घडतात. प्रोटॉन कलतात, आणि मुख्य म्हणजे एका तालात येतात. शाळेत शंभर मुलं मनाला येईल तशी लेझीम वाजवतात तेव्हा नुसता कलकलाट असतो. सरांची शिट्टी वाजली की तीच शंभर मुलं एक आवाज करतात. तसे हे सारे इवले चुंबक एका तालात डुलू लागले, की गुडघ्याभोवतीच्या डबीतल्या तारेत बारीकशी वीज उमटते. सायकलच्या डायनॅमोत चुंबक फिरलं की वीज उमटते, अगदी तशीच. रेडिओ बंद करायचा आणि ती वीज ऐकायची. मी म्हटलं ते 'गाणं' हेच.

गाणं हळूहळू विरतं. चरबीतले प्रोटॉन पाव सेकंदात परत रांगेत येतात. पाण्यासारख्या पातळ द्रवात त्यांना काही सेकंद लागतात. कोण किती लवकर शांत झाला, यावरून ते काय आहे ते कळतं.

पण कुठे आहे, ते कसं कळायचं? मला सगळ्यात आवडतो तो भाग हा. पेटीवर कोणी पट्टी दाबली तर डोळे मिटूनही तुम्ही सांगता, ही डावीकडची, खर्जातली, ही उजवीकडची. एमआरआयमध्ये चुंबकाची ताकद मुद्दाम एका टोकाला किंचित कमी, दुसऱ्या टोकाला किंचित जास्त ठेवतात. मग गुडघ्याच्या वरचे प्रोटॉन एका सुरात डुलतात, खालचे वेगळ्या सुरात. सूर म्हणजेच पत्ता! ही ताकद पटापट बदलणाऱ्या जास्तीच्या तारा असतात, आणि प्रत्येक बदलाला त्या चुंबकात झटका खातात. ती ठक ठक त्यांची.

ही युक्ती अमेरिकेतल्या पॉल लॉटरबर यांची. प्रोटॉन रेडिओला उत्तर देतात हे १९४६ सालीच फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी वेगवेगळं दाखवलं होतं. ब्लॉख यांनी पाण्यात, पर्सेल यांनी चक्क मेणात. त्यावरून चित्र काढता येईल हे लॉटरबर यांना सुचलं. १९७३ साली त्यांनी जगासमोर ठेवलेलं चित्र म्हणजे दोन गोल डाग: दोन बारीक नळ्यांतलं साधं पाणी. मग त्यांच्या लेकीनं समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या इवल्याशा शिंपलीतल्या जिवाचं चित्र त्यांनी काढलं. २००३ साली पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

संध्याकाळी माझ्या गुडघ्याची चित्रं हातात आली. दोन हाडांच्या मध्ये काळाभोर त्रिकोण, ती गादी. तिच्यातलं पाणी इतकं जखडलेलं असतं, की तिथलं गाणं सुरू होता होताच संपतं, म्हणून काळी. आणि त्या काळ्यात एक पांढरी, केसासारखी रेघ.

"ही काय?"

"चीर. तिच्यात पातळ द्रव शिरलाय. तिथले भोवरे अजून गातायत."

तिनं रेघेवरून बोट फिरवलं, हलकेच, मला दुखेल म्हणून.

रात्री जेवताना ती एकदम म्हणाली, "यंत्रातून बाहेर आल्यावर ते डुलायचे थांबले?"

थांबले नाहीत. पृथ्वीचंही चुंबकत्व आहेच की. ते अशक्त, म्हणून डुलणं संथ: जयपुरात सेकंदाला साधारण २,०००. त्यावरून जमिनीचं चुंबकत्व मोजणारी उपकरणंही आहेत. आत एक बाटली, भोवती तार, बस्स.

"म्हणजे आत्ता, माठातल्या पाण्यात?"

"हो."

"ताकात?"

"ताकातही."

तिनं समोरच्या वाटीकडे पाहिलं. "आमरसात?"

"आमरसातही."

तिनं वाटी उचलून कानाशी धरली, क्षणभर थांबली, आणि मग तोंडाला लावली.