रोझाला कुणीतरी विचारलं होतं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या घराण्याची वंशावळ संगणकावर चढवायला घेतली. बडोद्यात आमची ही पाचवी पिढी. खापरपणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात कारकून म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. पुरुषांची माहिती भराभर मिळाली. कोण कुठल्या खात्यात होतं, कधी निवृत्त झालं, सगळं कागदांवर होतं. बायकांच्या रकान्यात मात्र एकेकच नाव, तेही लग्नात बदललेलं. आजीलाच विचारलं, तर ती म्हणाली, "माझं काय लिहायचंय त्यात? आजोबांचं नीट लिही."

रकाना रिकामाच राहिला. पुढे एकदा ऑफिसच्या कामात अमेरिकेतल्या एका सहकारी बाईंशी बोलताना हा विषय निघाला. त्यांचं घराणं मूळचं इटलीचं. "आमच्याकडेही बायकांचे रकाने रिकामेच आहेत," त्या हसून म्हणाल्या आणि एक पुस्तक वाचायला सांगितलं, 'रोझा : द लाइफ ऑफ ॲन इटालियन इमिग्रंट'. लेखिका मेरी हॉल एट्स.

रोझाचा जन्म १८६०च्या दशकातला, उत्तर इटलीतला. जन्मतःच तिला मिलानच्या अनाथालयात सोडून दिलं गेलं. मिलानजवळच्या कुज्जोनो गावातल्या एका कडक स्वभावाच्या बाईने, मामा लेनाने, तिला वाढवलं. गाव रेशमाचं. रोझा लहानपणीच रेशीम गिरणीत कामाला लागली. हिवाळ्यात गावातली गरीब माणसं ऊब मिळावी म्हणून संध्याकाळी गुरांच्या गोठ्यात जमत आणि गोष्टी सांगत. शाळा फारशी मिळाली नाही, पण त्या गोष्टी रोझाच्या कायमच्या लक्षात राहिल्या.

कोवळ्या वयात मामा लेनाने तिचं लग्न लावून दिलं. नवरा मारकुटा निघाला. तो अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या लोखंडाच्या खाणीत कामाला गेला आणि तिथल्या खाणकामगारांचा स्वयंपाक करायला त्याने बायकोला बोलावून घेतलं. १८८४ साली रोझा निघाली. तान्हा मुलगा मामा लेनाकडे ठेवून जावं लागलं. एलिस बेट आपण सिनेमांतून पाहिलेलं असतं, पण ते सुरू झालं १८९२ साली. त्याआधी न्यूयॉर्कला आलेल्या रोझासारख्या लोकांची नोंद कॅसल गार्डन नावाच्या ठिकाणी होई.

खाणीच्या वस्तीत ती पुरुषांच्या पंगती वाढत राहिली. मग काही वर्षांनी ती पुन्हा इटलीला जाऊन मुलाला घेऊन आली. परत आल्यावर नवऱ्याला कुंटणखाना विकत घ्यायचा होता आणि तो हिने चालवावा अशी त्याची इच्छा होती. रोझाने साफ नकार दिला आणि मुलांना घेऊन शिकागो गाठलं. पुढे तिने दुसरं लग्न केलं आणि 'शिकागो कॉमन्स' या संस्थेत साफसफाईचं काम धरलं. ही संस्था १८९४ साली ग्रॅहम टेलर यांनी स्थापन केली होती. गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत राहून त्यांच्यासाठी काम करायचं, अशी तिची रीत.

फरशी पुसणारी ही बाई तिथे गोष्टी सांगणारी म्हणून नावाजली. गोठ्यात ऐकलेल्या गोष्टी ती आता मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत सांगायची. १९१८ साली मेरी एट्स ही तरुण समाजसेविका तिथे राहायला आली आणि दोघींची मैत्री जमली. रोझा सांगत गेली, एट्स लिहून घेत गेली. गोष्टींबरोबर रोझाचं सगळं आयुष्यच कागदावर आलं.

एट्स पुढे मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी प्रसिद्ध झाल्या; १९६० साली त्यांना अमेरिकेतलं मानाचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. रोझाचं पुस्तक मात्र छापून आलं १९७० साली. रोझा १९४३ सालीच गेली होती.

पुस्तकाच्या शेवटी रोझा सांगते की, तिला मरण्याआधी एकदा इटलीला जायचंय. मोठ्या लोकांच्या नजरेला नजर देऊन हवं ते विचारायचंय. अमेरिकेने तिला काय दिलं, तर न घाबरणं. हे वाचून मी थांबलो. कुठल्या सनावळीत हे सापडलं असतं? १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं अमेरिकेत गेली. त्यांत कितीतरी आया असतील. रोझाची आठवण राहिली, कारण तिला कुणीतरी विचारलं आणि ऐकत बसलं.

मग मी आजीला पुन्हा विचारलं, पण प्रश्न बदलून. "आजी, वाईहून लग्न होऊन इथे आलीस, त्या दिवशी जेवायला काय होतं?"

"बटाट्याचा रस्सा," ती लगेच म्हणाली. "त्यात साखर! मी म्हटलं, कुणाचा तरी हात चुकला."

त्या दिवशी ती तासभर बोलली. एकोणीस वर्षांची होती. गुजराती येत नव्हतं, म्हणून पहिलं वर्ष ती एकटी दाराबाहेर पडली नाही. भाजीवालीने वांग्याला रींगण म्हणायला शिकवलं, मग हळूहळू भाषा आली. शेजारच्या बायका ब्लाउज शिवायला टाकू लागल्या. आणि मग ती सहज बोलून गेली, "तुझ्या बाबांच्या कॉलेजची शेवटच्या वर्षाची फी त्या ब्लाउजांतूनच भरली. ह्यांचा पगार तेव्हा अडकला होता."

आमच्या घरात आजवर एकच वाक्य ऐकलं होतं, आजोबांनी तिन्ही मुलांना शिकवलं. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनाही हे माहीत नव्हतं. ते काही बोलले नाहीत, उठून आजीच्या जवळ जाऊन बसले.

आता दर रविवारी मी आजीचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करतो. तिला विचारूनच. 'तुझं आयुष्य सांग' म्हटलं की आजी गप्प होते. भांडं, साडी, प्रवास, पहिली कमाई, असं काही विचारलं की बोलते. ती मराठी बोलता बोलता 'बटाका' म्हणते, तेही मी दुरुस्त करत नाही. एट्सनी वाचकांसाठी रोझाचं इंग्रजी बरंच सोपं केलं, पण तिची बोलण्याची ढब राखली. मलाही तेवढंच जमवायचं आहे.

आजीने माहेरचं नावही सांगितलं. वंशावळीत ते भरलं. या लेखात लिहू का, असं विचारलं, तर म्हणाली, "नको. इतक्या वर्षांत त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही. आता गावभर कशाला?"

रोझाचंही पुस्तकातलं आडनाव खरं नाही. तिथे ती कावालेरी आहे, प्रत्यक्षात ती कासेत्तारी होती. नाव झाकूनही तिचं सगळं सांगून झालं. म्हणून आजीचं नाव इथे लिहीत नाही. तिने शिवलेल्या ब्लाउजांचं मात्र लिहिलंय. त्याला तिची हरकत नव्हती. उलट म्हणाली, "शिलाई बारा आणे होती, तेही लिही."