जुन्या मोटारीच्या इंजिनाचा रबरी आधार

मोटारगाडी जुनी झाली, की तिच्या थरथरण्याचे खापर बहुधा इंजिनावर फोडले जाते. प्लग बदलले जातात, कार्ब्युरेटर उघडला जातो, प्रसंगी संपूर्ण इंजिन उतरविण्याचा सल्लाही मिळतो. परंतु पुष्कळदा दोष इंजिनाचा नसून, ते ज्यावर टेकलेले असते त्या रबरी आधाराचा असतो. गॅरेजमध्ये त्यास ‘माउंटिंग’ म्हणतात.

आधाराचे कार्य

चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ८०० फेरे अशा मंद गतीने चालत असले, तरी त्यात दर मिनिटाला १,६०० स्फोट होतात. त्यांचे हिसके गाडीच्या सांगाड्यात उतरू नयेत, म्हणून धातूच्या पट्ट्यांना पक्के जोडलेले जाड रबर मध्ये बसवितात. इंजिन लांबीच्या दिशेने बसविलेल्या व मागील चाकांना गती देणाऱ्या जुन्या गाड्यांत बहुधा इंजिनाच्या दोन बाजूंस दोन आणि गिअरबॉक्सखाली एक, असे आधार असतात.

उष्णता, तेलाची गळती आणि वय यांमुळे हे रबर फुगते, कडक होते, त्यास भेगा पडतात; शेवटी ते धातूपासून सुटते. मग इंजिन एका बाजूस झुकते. पंखा रेडिएटरला घासू शकतो, सायलेन्सरचा पाइप ताणला जातो.

या लहान भागाचे महत्त्व अमेरिकेतील एका प्रसंगाने स्पष्ट झाले. १९६५ ते १९६९ या काळातील शेव्हरोले वाहनांत आधार तुटल्यास इंजिन उचलले जाऊन ॲक्सिलरेटर ओढला जाण्याचा धोका आढळला. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने सुमारे ६७ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलाविली.

दोष कसा ओळखावा?

गाडी जागेवर उभी असताना वाढलेली थरथर, क्लच सोडताना बसणारा धक्का आणि गिअर बदलताना येणारा ‘धप्प’ असा आवाज, ही प्रमुख लक्षणे होत. मात्र इंजिनातील एखादा सिलिंडर नीट काम करीत नसल्यासही थरथर वाढते. म्हणून बॉनेट उघडून उजेडात प्रत्येक आधार प्रत्यक्ष पाहावा. भेग, फुगवटा किंवा सुटलेले रबर दिसल्यास शंका उरत नाही.

बदलताना घ्यावयाची काळजी

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण्या लावाव्यात. इंजिन थंड होऊ द्यावे व बॅटरीची ऋण तार काढावी. गाडीखाली जावयाचे असल्यास ती भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकवर विसंबू नये. इंजिन कोठून उचलावे, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. तेलाच्या चेंबरखाली जॅक लावण्यास मुभा असल्यास मध्ये रुंद लाकडी ठोकळा ठेवावा, अन्यथा चेंबर चेपतो. आधारावरील भार हलका होईल इतकेच इंजिन उचलावे आणि रेडिएटरचे पाइप, तारा व पंखा यांवर ताण येत नाही ना, हे पाहत राहावे.

एका वेळी एकच बाजू सोडवावी. नवा आधार बसविताना बोल्ट प्रथम हाताने लावावेत, इंजिन आपल्या जागी स्थिरावू द्यावे आणि मगच ते पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आवळावेत. तेलाची गळती आधीच थांबवावी, नाहीतर नवे रबरही लवकर निकामी होते. टायरचा तुकडा कोंबून वेळ निभावण्याची पद्धत टाळावी. त्याने इंजिन सांगाड्याशी बांधले जात नाही.

एक आधार निकामी झाला असता उरलेल्यांवर जादा भार पडलेला असतो. तेव्हा सर्वच तपासणे हिताचे. संस्थेच्या वाहनाबाबत ही तपासणी देखभालीच्या नोंदवहीत दिनांकासह लिहून ठेवावी. मोठ्या दुरुस्तीच्या खर्चास मंजुरी देण्यापूर्वी या लहानशा भागाकडे एकदा पाहिले, तर पैसा वाचेल आणि प्रवासही निर्धोक होईल.