एडीएचडी आणि मुलांचा डबा: साखर उगाच बदनाम

"एडीएचडी आहे ना, मग साखर बंद करा!" हा सल्ला बहुतेक आयांना मिळतोच. पण १९९५ साली अमेरिकेत तोवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा साखरेने मुलांचं वागणं बिघडल्याचं दिसलं नाही. (दात किडतात, ते वेगळं!) खाण्यातल्या कृत्रिम रंगांबद्दलच्या शंकेत मात्र तथ्य आहे. २००७च्या साउदम्प्टनच्या अभ्यासात कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेल्या पेयांनी काही मुलांची चंचलता वाढली. युरोपात त्या अभ्यासातल्या सहा रंगांच्या पदार्थांवर आता इशारा छापावा लागतो.

माझ्या मते खरी अडचण भुकेची. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध घेणाऱ्या बऱ्याच मुलांची दुपारची भूक मरते, डबा तसाच परत येतो. म्हणून गोळीआधी दणकून नाश्ता द्या: तूप लावलेलं थालीपीठ आणि दही, मुगाचं धिरडं, नाहीतर अंडा-पोळी. डब्यात दोन घासांत संपणारा शेंगदाण्याचा लाडू. गोळीचा परिणाम ओसरला की संध्याकाळी भूक खवळते. तेव्हा बिस्किटांचा पुडा कशाला, सरळ वरणभात वाढा. जेवणाची ठरलेली वेळ गेली खड्ड्यात! वजन-उंची वहीत टिपून डॉक्टरांना दाखवत राहा. आहार बदलला म्हणून गोळी मात्र परस्पर बंद करू नका.