हृदयौषधांची उजळणी : एका रुग्णाच्या आधारे

परीक्षा जवळ आली की हृदयौषधांच्या याद्या पाठ करण्याचा प्रघात वैद्यकीय विद्यार्थ्यांत सर्वत्र आढळतो. एका स्तंभात रोग, दुसऱ्यात औषध, तिसऱ्यात मात्रा. स्मरणास ही रीत सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु रुग्णाच्या खाटेपाशी परीक्षक ‘का?’ असे विचारतात तेव्हा यादी मुकी होते. प्रस्तुत लेखात एकाच रुग्णाच्या आधारे ही उजळणी कशी करता येईल, एवढेच दाखवावयाचे आहे.

सेवाग्राम येथे १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली, ती ग्रामीण जनतेच्या आरोग्यसेवेचा हेतू मनात धरून. तेव्हा आपला रुग्णही खेड्यातीलच घेऊ. समजा, वर्धा जिल्ह्यातील तीस वर्षांची एक शेतमजूर स्त्री धाप लागते म्हणून आली आहे. लहानपणी तिला ताप येऊन सांधे सुजले होते. नाडी जलद व सर्वस्वी अनियमित आहे. ऱ्हुमॅटिक ज्वरामुळे द्विदल झडप आकुंचित झाली असून अलिंद नियमित स्पंद न पावता नुसते कंप पावत आहे, असे निदान होते.

येथे मूळ बिघाड यांत्रिक आहे. झडपेचे द्वार अरुंद असल्याने निलय भरण्यास वेळ लागतो. नाडी जलद झाली की हा वेळच कमी होतो, डाव्या अलिंदातील दाब वाढतो आणि फुप्फुसांत रक्तसंचय होतो. एवढे उमगले की औषधे आपोआप सुचतात. स्पंदगती मंद करण्यासाठी बीटा-रोधक. संचय कमी करण्यासाठी मूत्रल औषध. अलिंदात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफेरिन. ज्वराची पुनरावृत्ती टाळण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन. अरुंद द्वार मात्र कोणत्याही औषधाने रुंद होत नाही; त्यासाठी फुग्याने अथवा शस्त्रक्रियेने झडप उघडावी लागते. ‘हृदयाची दुर्बलता म्हणजे रक्तवाहिन्या शिथिल करणारे औषध’ असे यादीवरून लिहिणारा विद्यार्थी येथे फसतो. कारण द्वार अरुंद असताना वाहिन्या शिथिल केल्याने रक्तदाब घसरण्याचाच संभव अधिक.

याच रुग्णास डिजॉक्सिनही दिले जाते. विल्यम विदरिंग याने डिजिटॅलिस वनस्पतीविषयीचा ग्रंथ १७८५ साली प्रसिद्ध केला. औषध पेशीत नेमके काय करते, हे कळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. ते सोडियम-पोटॅशियम पंप रोखते. पेशीत सोडियम साचते, त्यामागोमाग कॅल्शियम वाढते व स्नायूचे आकुंचन जोरदार होते. शिवाय व्हेगस मज्जातंतूद्वारा अलिंदाकडून निलयाकडे जाणारे आवेग मंदावतात.

पोटॅशियम व डिजॉक्सिन हे पंपावरील स्थानासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात. मूत्रल औषधाने रक्तातील पोटॅशियम घटले की डिजॉक्सिनची पूर्वीचीच मात्रा विषारी ठरू शकते. भूक मंदावणे, मळमळ, वस्तू पिवळसर दिसणे व नाडीचे नवे विकार ही त्याची लक्षणे होत. अशा स्त्रीस ‘अपचन झाले असेल’ म्हणून गावी परत पाठविणे हे प्राणघातक ठरू शकते.

आता दुसरे उदाहरण पाहा. कुंपणावर व अंगणात लावल्या जाणाऱ्या पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजेच बिट्टीच्या बियांत याच जातीचे विष असते. त्या खाल्लेल्या व्यक्तीस वांत्या होतात व नाडी मंदावते. परंतु रक्तातील पोटॅशियम वाढलेले असू शकते. हा विरोधाभास दिसण्यापुरताच आहे. पहिल्या रुग्णात कमी पोटॅशियम हे विषबाधेचे कारण होते. येथे पंप एकाएकी बंद पडल्याने पोटॅशियम पेशीबाहेरच राहते, म्हणून त्याची वाढ हा विषबाधेचा परिणाम होय. कारण व परिणाम यांतील हा भेद ज्यास सांगता आला, त्यास डिजॉक्सिन समजले.

औषधाचे स्थान चिरंतन नसते, हेही ध्यानी ठेवावे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. आज तिचा वापर क्वचितच होतो. उलट, हृदयाच्या दुर्बलतेत एके काळी निषिद्ध मानलेले बीटा-रोधक १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनंतर उपचाराचा आधारस्तंभ ठरले. डिजॉक्सिनविषयी १९९७ सालच्या चाचणीत असे आढळले की, नियमित स्पंद असलेल्या दुर्बल हृदयाच्या रुग्णांत त्याने मृत्यूचे प्रमाण घटले नाही, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मात्र घटले.

तेव्हा उजळणी करताना प्रत्येक औषधास चार प्रश्न विचारावेत : बिघाड कोठे आहे? औषध कोठे कार्य करते? ते कोणास देऊ नये? आणि त्यापासून अपाय झाल्यास प्रथम काय दिसेल? यांची उत्तरे ज्यास स्वतःच्या शब्दांत देता येतील, त्यास परीक्षकाचे भय उरणार नाही. आणि परीक्षेनंतर जो रुग्ण त्याच्यापुढे येईल, त्यासही त्याचे भय बाळगण्याचे कारण राहणार नाही.