संसारातील संवाद : दांपत्यसंबंधांचे शास्त्र आणि समुपदेशन

बीदर जिल्ह्याच्या उत्तर भागातील ठाणाकुशनूर परिसरात लग्नसराई सुरू झाली की वऱ्हाडाच्या गाड्यांना राज्याची सीमा आड येत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख हैदराबाद राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. परंतु उदगीर-देगलूरकडील गावांशी असलेल्या सोयरिकी तुटल्या नाहीत. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दक्खनी उर्दू, अशा तीन भाषांत येथील संसार चालतो.

सोयरीक जुळविताना घराणे, शेती, मुलाची नोकरी आणि मुलीचे शिक्षण यांची बारकाईने चौकशी होते. हे दोघे एकमेकांशी बोलतील कसे, मतभेद झाल्यास भांडतील कसे आणि भांडण मिटवतील कसे, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत मानसशास्त्राने नेमका हाच प्रश्न अभ्यासाला घेतला आहे.

भांडण किती, यापेक्षा कसे

अमेरिकेतील जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी पतिपत्नींना समोरासमोर बसवून वादाच्या विषयावर बोलावयास लावले व त्या वेळचे त्यांचे शब्द, चेहऱ्यावरील भाव आणि हृदयाचे ठोके यांची नोंद केली. पुढे १९८६ मध्ये गॉटमन यांनी सिॲटल येथील विद्यापीठात घरासारखी सजविलेली प्रयोगशाळा उभारली. त्याच जोडप्यांची पुढे अनेक वर्षे माहिती घेण्यात आली.

भांडणे सर्वच घरांत होतात, असे या अभ्यासातून दिसून आले. फरक पडतो तो भांडणाच्या रीतीने. चार गोष्टी संसाराला विशेष घातक ठरतात : दोषारोप, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि अबोला.

एखाद्या शेतकरी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. पती शेतातून दमून आला आहे. पत्नी म्हणते, “अहो, पोराच्या शाळेचे पैसे भरायचे राहिलेत. उद्या जाऊन येता का?” ही तक्रार आहे आणि तक्रारीत गैर काहीच नाही. याऐवजी “तुम्हाला घराची कधी पर्वाच नव्हती” असे शब्द निघाले, तर तो दोषारोप होतो. त्यावर “मी एकट्यानं किती मरायचं? तू दिवसभर काय करतेस?” हा बचाव. “तुझ्या माहेरी तुला एवढंच शिकवलं का?” ही तुच्छता. आणि काहीच न बोलता पायांत चपला सरकवून पारावर जाऊन बसणे, हा अबोला. शाळेचे पैसे बाजूलाच राहतात आणि दोन माणसे दुखावली जातात. या चारही दोषांत तुच्छता सर्वांत विषारी, असे गॉटमन यांचे मत आहे.

वादाच्या भरात हृदयाचे ठोके वाढले की समोरच्याचे म्हणणे नीट ऐकूच येत नाही. अशा वेळी निदान वीस मिनिटे थांबावे, परंतु “थोड्या वेळाने बोलू” असे सांगून थांबावे, असा सल्ला देण्यात येतो. सांगून थांबणे आणि न सांगता उठून जाणे यांत फार अंतर आहे.

लहान हाक, लहान प्रतिसाद

“अहो, ऐकलं का?” किंवा “अगं, आभाळ बघ किती भरून आलंय” अशी साधी वाक्ये दिवसातून अनेकदा उच्चारली जातात. गॉटमन यांच्या मते ही जवळिकीसाठी दिलेली हाकच असते. नवविवाहित जोडप्यांची सहा वर्षांनी पुन्हा माहिती घेतली असता, ज्यांचा संसार टिकला त्यांनी अशा हाकांना शंभरात ८६ वेळा प्रतिसाद दिला होता, तर विभक्त झालेल्यांनी केवळ ३३ वेळा, असे त्यांनी नमूद केले आहे. हे आकडे परदेशातील एका अभ्यासाचे आहेत व गॉटमन यांच्या भाकितांवर इतर संशोधकांनी आक्षेपही घेतले आहेत. म्हणून ते नियम समजू नयेत. त्यामागील दिशा मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे.

आपल्या देशातही या विषयावर काम झाले आहे. उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांनी १९८२ मध्ये जयपूर येथील ५० जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रेमविवाहांत प्रेमाचे प्रमाण वर्षांगणिक कमी झालेले, तर ठरवून झालेल्या विवाहांत ते वाढलेले आढळले. अभ्यास लहान असल्याने त्यावरून एक पद्धत श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असा निवाडा करता येत नाही. तथापि लग्नानंतरही प्रेम वाढू शकते आणि लग्नापूर्वीचे प्रेम जपले नाही तर ओसरू शकते, एवढा बोध त्यातून घेता येईल.

समुपदेशन म्हणजे काय?

घरातील भांडण पंचांपुढे नेण्याची रीत जुनी आहे. पंच दोन्ही बाजू ऐकतात, चूक कोणाची ते ठरवितात आणि निकाल देतात. समुपदेशक निकाल देत नाही. तो दोघांचेही म्हणणे ऐकतो, ऐकलेले गुप्त ठेवतो आणि भांडण पुन्हा पुन्हा त्याच वळणावर का येते, हे दोघांना उमगावे यासाठी साहाय्य करतो.

कॅनडातील स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात भावनांवर आधारलेली उपचारपद्धती विकसित केली. रागाखाली पुष्कळदा भीती दडलेली असते, हे तिचे सूत्र आहे. “मी तुम्हाला नकोशी झाले का?” हा प्रश्न ओठांवर येत नाही, त्याऐवजी टोमणा बाहेर पडतो.

उपचाराचे यशही मोजण्यात आले आहे. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकब्सन यांनी तीव्र कलह असलेल्या १३४ जोडप्यांवर दोन पद्धतींचे उपचार केले. पाच वर्षांनी सुमारे निम्म्या जोडप्यांच्या संसारात लक्षणीय सुधारणा टिकून होती. सुमारे एक चतुर्थांश जोडपी विभक्त झाली होती. म्हणजे समुपदेशन हा जादूटोणा नव्हे. परंतु ते निष्फळही नाही.

भारतात १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णाच्या कुटुंबाला उपचारात सामील करून घेतले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९७७ मध्ये कुटुंब मनोचिकित्सा केंद्र सुरू झाले. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयात समुपदेशकांची तरतूद केली. त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष साहाय्य कक्ष उघडला.

जेथे समेट हा उपाय नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या घरात मारहाण होते, त्या घरातील स्त्री पतीशेजारी बसून मोकळेपणाने बोलू शकत नाही. बोललीच, तर घरी परतल्यावर त्याची शिक्षा तिला भोगावी लागते. अशा वेळी “जरा सांभाळून घे, बाई” असे सांगून तिला परत पाठविणे हे समुपदेशन नव्हे. प्रथम तिची आणि मुलांची सुरक्षितता, मग बाकीचे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला असून त्यान्वये संरक्षण अधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

दारूचे व्यसन असेल तेथे व्यसनावरील उपचारही हवेत. पुण्याच्या मुक्तांगण केंद्रात, जे १९८६ मध्ये सुरू झाले, व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविला जातो. पत्नीची व्यथा स्वतंत्रपणे ऐकली गेली पाहिजे, हे त्यामागील तत्त्व आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

सीमाभागात भाषेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कन्नड गावातून मराठी घरात आलेल्या सुनेला मनातील दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही. मराठी माणसालाही कचेरीतील कन्नडमध्ये ते साधत नाही. म्हणून समुपदेशनासाठी येणाऱ्यास त्याची भाषा प्रथम विचारली जावी, याकडे अधिकाऱ्यांनी लक्ष द्यावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत विनामूल्य बोलता येते. संकटग्रस्त स्त्रियांसाठी १८१ हा क्रमांक आणि सखी केंद्रे आहेत. तातडीच्या प्रसंगी ११२ वर पोलिसांची मदत मिळते. हे क्रमांक शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायतीच्या फलकांवर ठळकपणे लिहावेत.

शिक्षकांचे स्थानही मोठे आहे. घरातील कलह सर्वांत आधी वर्गातील मुलाच्या चेहऱ्यावर उमटतो. अबोल झालेल्या विद्यार्थ्याला रागे भरण्यापूर्वी त्याची आस्थेने विचारपूस केली, तर एका घराला वेळेवर मदत मिळू शकेल.

संसार हा दोन चाकांचा रथ आहे, असे आपण लग्नमंडपातील प्रत्येक भाषणात ऐकतो. चाकांना वेळोवेळी वंगण लागते, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. दिवसातून चार गोड शब्द, एक मनापासूनचा प्रतिसाद आणि गरज पडल्यास जाणत्या माणसाची मदत घेण्यात कमीपणा न मानणे, हेच ते वंगण होय.