वसतिगृहातील पहिला चातुर्मास

आषाढ लागला की वर्षभर विहार करणारे साधू-साध्वी चार महिन्यांसाठी एका गावी स्थिर होतात. नेमक्या याच सुमारास अनेक जैन घरांतील मुले-मुली मात्र घर सोडून परगावी निघतात. बारावीचा निकाल, प्रवेश परीक्षा, प्रवेशाच्या फेऱ्या हे सारे आटोपून कोणी शिरोळहून पुण्याला जाते, कोणी बार्शीहून मुंबईला, तर कोणी कारंज्याहून नागपूरला. महाविद्यालयाचे पहिले सत्र साधारण दिवाळीपर्यंत चालते. म्हणजे नव्या विद्यार्थ्याचे वसतिगृहातील पहिले दिवस आणि चातुर्मास यांची गाठ जवळजवळ दरवर्षी पडते.

हा योगायोग अर्थपूर्ण आहे. घरी असताना पाणी गाळलेलेच मिळते, कंदमूळ स्वयंपाकघरात येतच नाही आणि सूर्यास्तापूर्वी ताटे मांडली जातात. मुलाला त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. त्याचा धर्म घराने सांभाळलेला असतो. वसतिगृहाच्या खोलीत तो प्रथमच एकटा असतो आणि आजवर जे घडत आले ते यापुढे घडवायचे की नाही, हे त्याचे त्याला ठरवावे लागते. पालकांच्या मनातील खरी धास्ती हीच असते. परंतु ज्या आचाराची कधी निवडच करावी लागली नाही, तो आपला किती आणि घराचा किती, हे घराबाहेर पडल्याखेरीज कळत नाही.

बोर्डिंगची परंपरा

जैन समाजाला वसतिगृह नवे नाही. खेड्यात शाळा नव्हत्या आणि शहरात मुलाला ठेवायला आप्त नव्हते, अशा काळात समाजातील धुरीणांनी ‘बोर्डिंग’ उभी केली. मोत्यांचे व्यापारी दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी मुंबईत आपल्या वडिलांच्या नावे जैन बोर्डिंग सुरू केले. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने शिक्षण हे आपले प्रमुख कार्य मानले व शेतकरी कुटुंबांतील मुलांसाठी वसतिगृहे चालविली. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयाचे कार्य सुरू झाले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा व साहाय्य दिले. त्यामुळेच त्या नगरीला ‘वसतिगृहांची माता’ म्हटले जाते.

या परंपरेतील सर्वांत बोलकी कहाणी कर्मवीर भाऊराव पाटील यांची आहे. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, तेव्हा त्या समारंभाला ते गेले. परतल्यावर तत्कालीन रिवाजाप्रमाणे स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि बोर्डिंग सोडावे लागले तरी माघार घेतली नाही.

पुढे १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र काम करीत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या होत्या. याच मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले.

आजच्या विद्यार्थ्याला या कहाणीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. भाऊरावांनी करुणा सोडली नाही, रूढी सोडली. कोणती गोष्ट धर्माचा गाभा आणि कोणती त्यावर चढलेली पुटे, हा निवाडा त्यांनी ऐन तारुण्यात, वसतिगृहातच केला. यालाच विवेक म्हणतात.

सामान बांधताना

वसतिगृहाची खोली म्हणजे बहुधा एक खाट, एक टेबल आणि अर्धे कपाट. त्यात मावेल तेवढेच न्यावे. अपरिग्रहाचा पहिला धडा येथेच मिळतो. दोन चादरी, पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो हे ध्यानात घेऊन बेताचे कपडे, ताट-वाटी-पेला, पाणी गाळण्यासाठी सुती कापडाचे दोन-तीन तुकडे, नेहमीची औषधे, बॅटरी, कुलूप आणि कागदपत्रांच्या प्रती असलेली एक फाईल, एवढ्यावर पहिला महिना सुखाने निघतो. राहिलेले पुढच्या खेपेला नेता येते.

खाऊच्या डब्यांविषयी मात्र आयांनी थोडा विचार करावा. मुलगा उपाशी राहील या काळजीने महिनाभर पुरतील एवढे लाडू, चिवडा, खाकरे बांधून दिले जातात. पावसाळी दमट हवेत पदार्थ लवकर खराब होतात; त्यांच्या काळमर्यादेचा विचार आपल्याकडे पूर्वापार होत आलेला आहे. थोडे पण वरचेवर पाठवावे, आणि खोलीतील इतरांनाही पुरेल असे पाठवावे.

डब्यांहून अधिक उपयोगी पडते ते हातचे काम. वरण-भात व पोळी करता येणे, कपडे धुणे, बटण लावणे, बँकेचा व्यवहार करणे, ताप आल्यास काय करावे हे ठाऊक असणे, ही खरी शिदोरी होय. ती मुलगी आणि मुलगा दोघांच्याही गाठीशी हवी.

निघण्यापूर्वी वसतिगृहाचे नियम वाचावेत. बहुतेक ठिकाणी खोलीत विजेची शेगडी वापरण्यास मनाई असते. काही विद्यार्थी शुद्ध आहारासाठी ती लपवून वापरतात. आग लागण्याचा धोका तर त्यात आहेच. पण नियम मोडून, चोरून वापरलेल्या विजेवर शिजलेले अन्न कितपत शुद्ध, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. अचौर्य हेही व्रतच आहे.

सूर्यास्त आणि खानावळ

आहाराचा प्रश्न सर्वांत अवघड. समाजाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर तो बराचसा सुटतो. पण तेथील जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ. बहुसंख्य मुलांना महाविद्यालयाच्या वसतिगृहात, सार्वजनिक खानावळीत जेवावे लागते.

तेथे संकोच न करता बोलणे हाच पहिला उपाय. स्वयंपाकघरातील काका-मावशींना पहिल्याच आठवड्यात आदराने सांगावे की, भाजीत कांदा-लसूण पडण्यापूर्वी थोडी बाजूला काढून ठेवता येईल का. फोडणीआधीचे साधे वरण वाटीभर मिळेल का. हुकूम सोडल्याने जे होत नाही ते विनंतीने होते. तीन-चार विद्यार्थी एकत्र येऊन बोलले तर काम अधिक सोपे जाते. दही, ताक, मूग-मटकीची उसळ, शेंगदाणे, फळे यांवरही पोषणाची बरीच मदार ठेवता येते. केवळ भात आणि लोणचे यांवर महिने काढणे हा तप नव्हे. त्याने अशक्तपणा येतो आणि अभ्यास बुडतो.

रात्रिभोजनत्यागाची कसोटी हळूहळू लागते. जुलैच्या आरंभी पुण्यात सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, त्यामुळे सातला उघडणारी खानावळही कशीबशी साधते. नोव्हेंबरच्या अखेरीस मात्र सूर्य सहाच्या आतच मावळतो, आणि प्रात्यक्षिकाचा तास साडेपाचला संपतो. जुलैत सहज पाळलेला नियम कार्तिकात अचानक जड होतो. तो मोडला की विद्यार्थ्याला वाटते, आता सारेच संपले. मग उरलेलेही सुटत जाते.

येथे आपल्या परंपरेचीच मदत होते. साधूंची महाव्रते आणि गृहस्थांची अणुव्रते असा भेद जैन विचाराने मुळातच केला आहे. अणुव्रत म्हणजे शक्तीप्रमाणे घेतलेले लहान व्रत. सूर्यास्तानंतर चारही प्रकारच्या आहाराचा त्याग तो चौविहार. पाण्याची मोकळीक ठेवून केलेला त्याग तो तिविहार. पायऱ्या आहेत, त्या चढण्यासाठीच. चातुर्मासात घरोघर काही ना काही नियम घेतला जातो. नव्या विद्यार्थ्यानेही आपल्या चार महिन्यांसाठी एक नियम घ्यावा. पण तो वेळापत्रक पाहून, आपल्या शक्तीचा अंदाज घेऊन, स्वतः निवडलेला असावा. दुपारच्या डब्यातील दोन पोळ्या राखून त्या पाच वाजता खाणे जमेल का? अष्टमी-चतुर्दशीपुरता चौविहार साधेल का? रोज निजण्यापूर्वी दहा मिनिटे सामायिकाची सवय म्हणून शांत बसता येईल का? लहान नियम पूर्ण पाळला तर त्यातून जे बळ येते, ते मोठा नियम अर्धवट सोडल्याने येत नाही.

खोलीतील सोबती

एकाच खोलीत दोन-तीन अनोळखी मुले येतात. एकाला पहाटे उठायचे असते, दुसरा दोनपर्यंत दिवा लावून वाचतो. एकाच्या घरी मांसाहार असतो, दुसऱ्याला त्या वासानेही कसेसे होते. अशा वेळी दोन चुका संभवतात. पहिली, चारचौघांत वेगळे दिसू नये म्हणून आपले सर्व काही आठवडाभरात सोडून देणे. दुसरी, आपण अधिक शुद्ध आहोत या भावनेने सर्वांपासून दूर राहणे. पहिलीत आत्मविश्वासाचा अभाव आहे, दुसरीत अहंकार. अनेकांतवाद परीक्षेत पाठ म्हणून लिहिणे सोपे. समोरच्याच्या खाटेवर बसून त्याच्या बाजूने जग पाहणे कठीण. “माझ्या टेबलावर ते नको, एवढेच सांभाळ,” असे हसून, स्पष्ट सांगणारा विद्यार्थी मित्रही टिकवतो आणि नियमही.

भाद्रपदात पर्युषण व दशलक्षण पर्व येते. त्याच सुमारास अनेक ठिकाणी सत्रांतर्गत परीक्षा असतात. उपवास किंवा एकासन करायचे असेल तर खोलीतील सोबत्याला आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना कल्पना द्यावी. चक्कर आली तर जवळ असणारे तेच. क्षमापनेच्या दिवशी मोबाईलवरून शेकडो जणांना एकच संदेश पाठविण्यापेक्षा, दिव्यावरून ज्याच्याशी भांडण झाले त्या सोबत्याजवळ, खानावळीतल्या मावशींजवळ आणि रात्री फाटक उघडणाऱ्या पहारेकऱ्याजवळ जाऊन क्षमा मागावी.

क्षमेचा अर्थ मात्र अन्याय मुकाट्याने सोसणे असा नव्हे. आहारावरून वा आचारावरून कोणी छळ करीत असेल, बळजबरीने काही खाऊ-पिऊ घालत असेल, तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ सालापासून कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम प्रत्येक महाविद्यालयाला बंधनकारक आहेत. १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विद्यार्थी किंवा पालक तक्रार करू शकतात. हा क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घ्यावा.

फोनवरचा प्रश्न

रोज रात्री घरून फोन येतो. “जेवलास का?” आणि पाठोपाठ, “वेळेत जेवलास ना?” उत्तर ठरलेले असते, “हो.” ते नेहमीच खरे असते असे नाही. प्रयोगशाळेतून उशिरा परतून आठ वाजता जेवलेला मुलगाही ‘हो’च म्हणतो, कारण ‘नाही’ म्हटले तर पलीकडे आईचा आवाज पडेल, वडील बोलणे थांबवतील, हे त्याला ठाऊक असते. रात्रिभोजन एका दिवसाचे. पण त्यावर पांघरलेले असत्य रोजचे होऊन बसते. आज जेवणाविषयी, उद्या गुणांविषयी, परवा मित्रांविषयी. अखेर ज्या संकटात घराची खरी गरज असते, त्या संकटातही मूल घराला काही सांगत नाही.

म्हणून पहिल्या सत्रात पालकांनी सांभाळण्याची गोष्ट कोणती असेल, तर ती ही वाट मोकळी ठेवण्याची. “आज जमले नाही,” हे मुलाने निर्भयपणे सांगावे आणि घराने ते शांतपणे ऐकावे. “बरे, उद्या काय करता येईल ते पाहू,” एवढेच उत्तर पुरे असते. आपल्याकडे प्रतिक्रमण आहे ते याचसाठी. चूक होईल हे त्यात गृहीत धरलेले आहे. ती पाहावी, मान्य करावी आणि पुन्हा वाटेवर यावे, एवढीच अपेक्षा आहे. जे धर्म मोठ्यांना रोज करू देतो, ते अठरा वर्षांच्या मुलाला नाकारण्याचे कारण नाही.

दिवाळीच्या सुटीत मुले घरी येतात तेव्हा पालक नकळत हिशेब घेऊ लागतात. काय सुटले, काय राहिले. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: या चार महिन्यांत तू स्वतः ठरवून काय पाळलेस? उत्तर कदाचित फार लहान असेल. दोन चतुर्दशींचा चौविहार, किंवा आजारी सोबत्यासाठी जागून काढलेली एक रात्र. ते लहान म्हणून कमी लेखू नये. घराने लावलेले रोप आता दुसऱ्या मातीत स्वतःच्या मुळांनी पाणी घेऊ लागले आहे, एवढे त्यावरून कळते.